घोंगडीवरचं चित्र

मे महिना आला की आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुरडया वाळत पडतात आणि माझं डोकं उठतं. शेजारच्या बायका हाक मारतात, ‘या की हो वर, चार पापड लाटू लागा,’ आणि मी दरवर्षी काहीतरी निमित्त काढते. गुडघा दुखतोय, पाहुणे यायचेत, दूध उतू जाईल. आता त्यांनी विचारायचंही सोडलंय. शिष्ट आहे म्हणत असतील. म्हणोत बापड्या. लोक उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल बोलायला लागले की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. आंबे काय, विहिरीतलं पोहणं काय, मामाचा गाव काय! माझ्या तोंडाला कोरड पडते. मला उन्हाळा आवडत नाही, एकदाचं सांगून टाकते. बारामतीत राहून उन्हाळा आवडत नाही म्हणजे वर्षातले चार महिने तोंड वाकडं करून काढायचे. काढते मी.

परवा लेकीची परीक्षा संपली. तिनं एक खोका मागवला होता, मोठं चित्र आणि त्याचे हे एवढे तुकडे. हॉलमध्ये फरशीवर सगळे ओतून ती पालथी पडली आणि म्हणाली, “आई, ये ना गं, मला काही सुधरत नाहीये.” मी तिकडं न बघताच म्हटलं, “आधी वाघर लावून घे, मग मेंढरं आत घ्यायची.” ती माझ्याकडं बघतच राहिली. “काय लावून घेऊ?” मी म्हटलं, काही नाही, कडेचे तुकडे आधी लाव. आणि आत जाऊन विसळलेली भांडी पुन्हा विसळत बसले. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची सुतळीची जाळी. खुंट्यांना बांधून रानात उभी करतात. शब्द आमच्या आबांचा. कित्येक वर्षांत मी तो उच्चारला नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही तेव्हा इंदापूरला राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. माझी चौथीची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात आईला पुण्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं. पोटात गाठ आहे, ऑपरेशन करायचंय, एवढंच आमच्या कानावर आलं. मी आणि माझा धाकटा भाऊ पिंटू, तो अजून शाळेतही जात नव्हता, आम्हाला एस.टी.त बसवून अण्णांनी बारामतीजवळ जळोचीला आणून सोडलं, आजी-आजोबांकडं. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो आणि आजीला आक्का. आजीला अख्खी जळोचीच आक्का म्हणायची, मग आम्ही तरी वेगळं काय म्हणणार? एस.टी.च्या स्टँडवर आई खिडकीशी आली होती. पिंटूच्या शर्टाचं बटण लावत म्हणाली, “आक्काला त्रास देऊ नको. मी आलेच.” आई बाजारात जातानाही असंच म्हणायची, त्यामुळं आम्हाला काही वेगळं वाटलं नाही.

आता जळोचीत बंगले उठलेत. आबांचं रान कुठून कुठवर होतं हे मलाही दाखवता यायचं नाही. तेव्हा ऊस, जनावरांसाठी कडवळ आणि मधून मधून पत्र्याची घरं होती. आबांचंही पत्र्याचंच. मेमध्ये दुपारी ते असं तापायचं की भिंतीला पाठ टेकवत नसे. आबांनी पत्र्यावर उसाचं पाचट पसरलं होतं, दाराला ओलं पोतं लावलं होतं, पण ऊन कुणाच्या बापाचं ऐकतं? न्याहारी झाली की आक्का आम्हाला आत घ्यायची आणि कडी लावायची. “भाईर पाऊल टाकलं तर तंगडं मोडीन,” म्हणायची. लाईट दुपारची हटकून जायची. दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत यायची, तेवढाच काय तो उजेड. पिंटू रडायचा. मी रडत नव्हते, पण मला सारखी लघवी लागायची.

अण्णा पहिल्यांदा पुण्याहून आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक खोका होता. “आईनं पाठवलंय,” म्हणाले. दवाखान्यातल्या खाटेवरून आई कुठलं पाठवतेय, पण आम्हाला ते पटलं. खोक्यावर परदेशातलं चित्र होतं. बर्फाचा डोंगर, खाली मोठं तळं, तळ्याकाठी लाल छपराचं घर, एक होडी. बाकी सगळं निळं. वर आभाळ निळं, खाली पाणी निळं. आक्कानं खोका डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “एवढं पानी हाय आन् काठाला एक बाईमानूस न्हाय. कापडं कुठं धुत्यात मग ही लोकं?”

आबांनी मधल्या खोलीत आपली काळी घोंगडी अंथरली. मी म्हटलं, आबा, खडबडीत आहे, तुकडे नीट बसणार नाहीत. ते म्हणाले, “खडबडीत हाय म्हनूनच. घोंगडीवर ठिवलेली चीज जागची हालत न्हाय.” खरंच हलायची नाही. मग ती घोंगडी महिनाभर तिथंच राहिली. आम्ही तिच्या कडेनं चालायचो, कडेनं जेवायचो, कडेनं झोपायचो. पाहुणं कुणी आलं तर आक्का दारातूनच ओरडायची, “बाजूनं या, बाजूनं! पोरांचं तळं हाय मधी.”

आबांचं घराणं मेंढरांचं. लहानपणापासून त्यांनी कळपामागं पायपीट केलेली, दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाआधी परत वर यायचं. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, चराईची रानं उसाखाली गेली, अण्णा शाळेला लागले, तेव्हा आबांनी कळप विकला आणि ऊस लावला. ऊस चांगला यायचा. पण आबांचं आणि उसाचं कधी जमलं नाही. “उसाचं काय खरं हाय?” म्हणायचे. “हाक मारली तर वळून तरी बघतुया का?” संध्याकाळी बांधावर उभे राहून ते उसाकडं असं बघायचे की बघणाऱ्याला वाटावं, आता याला हाकारून घरी आणणार.

तर पहिल्या दिवशी पिंटूनं लाल छपराचे तुकडे गोळा करून मधोमध घर बांधायला घेतलं. आबा म्हणाले, “आसं न्हाय गड्या. आधी वाघर. वाघर उभी ऱ्हायली की मेंढरू जातंय कुठं?” मग आम्ही चौघांनी सरळ कडेचे तुकडे निवडले. आक्कानं सूप आणलं आणि पायावर घेऊन त्यातले तुकडे तांदळातले खडे निवडावेत तसे निवडायला लागली. दोन बोटांनी उचलायचा, बघायचा, इकडं नाहीतर तिकडं. तिचा हात चुकायचा नाही. वाघर उभी राहिली त्या दिवशी आबांनी पानाची चंची काढली आणि आक्कालाही एक पान करून दिलं. एरवी ती त्यांच्यासमोर खायची नाही. त्या दिवशी खाल्लं.

रंगावर जायचं नाही, हे आबांचं दुसरं सांगणं. आबांना तसेही रंग फारसे कळत नव्हते, मोतीबिंदू पिकत आला होता. ते तुकड्याचे कान चाचपायचे. तुकड्याला जे पुढं आलेलं असतं तो कान, आणि आत गेलेली ती खोबण. आखूड कानाची, लांब कानाची, एकाच बाजूला कान असलेली ती भुंडी. मेंढरांना जशी नावं असतात तशी त्यांनी तुकड्यांना ठेवली. पिंटू वैतागून म्हणायचा, “आबा, सगळे निळेच आहेत! सगळे सारखेच आहेत!” आबा म्हणायचे, “सारखं कुठलं? तुला सारखं दिसतंय. येका आईला ठावं आसतंय.”

आणि मग त्यांनी आम्हाला कोकरांचं सांगितलं. दिवसभर मेंढ्या रानात आणि कोकरं तळावर कोंडलेली. सांजेला कळप परत आला की कोकरं सोडायची. मेंढ्या ओरडतात, कोकरं ओरडतात, नुसता गलका. परक्या माणसाला वाटावं, आता यांची गाठ काय पडत नाही. “पर जरा थांबायचं,” आबा म्हणाले. “आपुन मधी हात घालायचा न्हाय. येकेक कोकरू फिरत फिरत बरुबर आपल्या आईखाली जातंय. चुकून दुसरीखाली गेलं तर ती लाथ मारती. तसा तुकडा फिरवायचा. बळं दाबायचा न्हाय. त्येला त्येची आई हुडकू द्यायची.”

झालं! त्या दिवसापासून आमचा तोच खेळ. तुकडा बसला की पिंटू टाळी वाजवून ओरडायचा, “घावली! आई घावली!” मी ओरडायचे. आबा हसायचे, त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. आक्काचा जरी तुकडा बसला तरी तीही तोंडावर पदर घेऊन हळूच म्हणायची, “माजी बी घावली.” मी खोटं बोलणार नाही. त्या बंद, तापलेल्या, पाचटाचा वास येणाऱ्या खोलीत आम्ही चौघं मजेत होतो. माणूस दुःखाच्या दिवसांतही मजेत राहतो, याची मला पुढं फार लाज वाटली. आता वाटत नाही.

अंगणात आक्काच्या शेवया चालू होत्या. सकाळी ऊन चढायच्या आत पाटावर करायच्या, बाजेवर जुनं लुगडं अंथरून वाळत टाकायच्या. वाळलेल्या शेवया डब्यात भरताना त्यांचा बारीक कुरकुर आवाज यायचा आणि पिंटूचे कान टवकारायचे. “आक्का, गुळाच्या शेवया कर की.” “करू.” “कधी?” “तुजी आई आली की करू.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुजी आई आली की. तिसऱ्या दिवशीही तेच. आक्का काही कंजूष नव्हती. पण सून दवाखान्यात पडलेली असताना घरात गोडाधोडाचं करणं तिला रुचत नव्हतं. पिंटूनं तिचा शब्द पक्का धरून ठेवला. रोज झोपून उठला की आधी डब्याकडं बघायचा, मग दाराकडं.

अण्णा अधूनमधून येत. सुरुवातीला आले की आम्हाला जवळ घेत, आई काय म्हणाली ते सांगत. नंतर नंतर दाढी वाढलेली असायची, आणि ते बाहेर बांधावर आबांशी बोलून आल्या पावली परत जायचे. एकदा मी विचारलं, “आई कधी येणार?” तर म्हणाले, “तू मोठी आहेस ना?” हे काय उत्तर झालं? मी मोठी नव्हते. त्या दिवशी आबा बांधावरून परत आले आणि घोंगडीपाशी बसलेच नाहीत. दारातच उकिडवे बसून चुना मळत राहिले. पिंटूचा एक तुकडा बसला. तो ओरडला, “आबा, घावली! आई घावली!” आक्का आतून फणकारली, “पुरे आता त्ये! दुसरं कायतरी म्हना.” का पुरे, ते तिनं सांगितलं नाही. आम्ही मग गुपचूप तुकडे बसवायला लागलो.

पण पिंटूच्या डोक्यात काहीतरी शिरलं असावं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “आबा, कोकराची आईच नसली मग?”

आबांचा चुना मळणारा अंगठा थांबला. मग म्हणाले, “मग धरून पाजायचं. दुसऱ्या मेंढीचा पाय धरायचा आन् पाजायचं.”

“ती लाथ मारते ना?”

“मारती की. खायाची लाथ.”

एवढं बोलून ते उठले आणि उसात निघून गेले. भर उन्हात, डोक्याला पटकासुद्धा न गुंडाळता.

त्या महिन्यातली शेवटची दुपार मला जशीच्या तशी आठवते, आणि तिच्यावरच मी इतकी वर्षं चिडून आहे. चित्र जवळजवळ झालं होतं. डोंगर झाला, घर झालं, होडी झाली, आभाळही झालं, राहिलं होतं तळं. शेजारी पिठाची गिरणी होती आणि सगळ्या वस्तीत फोन तेवढा त्यांच्याकडं होता. गिरणीवाल्या वहिनी दारात आल्या. एरवी ‘आक्का, झालं का जेवण?’ करत थेट आत येणारी बाई. त्या दिवशी पोतंही न सारता बाहेरूनच म्हणाल्या, “आबा, पुण्याचा फोन आलाय.” आबा गेले. ते परत आले तेव्हा वहिनी रस्त्यात तशाच उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. फटीतून मला त्या दिसल्या. वाटलं, उन्हामुळं असेल.

आई सकाळीच गेली होती. फोन त्याचा होता. गाडी पुण्याहून निघून जळोचीत पोचायला संध्याकाळ होणार होती.

आबांनी माठातलं पाणी घेतलं, प्यायले, पुन्हा घेतलं, पुन्हा प्यायले. मग आक्काला म्हणाले, “जरा मागं ये.” दोघं मागं गोठ्यात गेली. आम्हाला काही ऐकू आलं नाही. रडल्याचा आवाजही नाही, मी शपथेवर सांगते. थोड्या वेळानं दोघं आत आली. आबा घोंगडीपाशी आपल्या जागी मांडी घालून बसले. आक्का चुलीपाशी भिंत धरून उभी राहिली.

आणि पिंटू, बिचारा, रोजच्यासारखा म्हणाला, “आक्का, शेवया कर की.”

आता आक्का कशी बाई होती ते सांगायला हवं. गल्लीत कुणाचं मयत झालं तरी ते उचलेपर्यंत ती फोडणी घालायची नाही. मयताच्या घरात चूल पेटत नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. घास शेजारच्या घरून येतो, तोही बिनफोडणीचा. देवाधर्माचं, सोयरसुतकाचं, तिथीवाराचं काहीच आक्कानं आयुष्यात मोडलं नव्हतं. ती बाई भिंतीपाशी उभी राहून पिंटूकडं बघत राहिली. मग तिनं पदर खोचला, डबा काढला, चूल पेटवली.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. तूप घातल्याचा वास आला. शेवया भाजल्याचा वास आला. पिंटूचे डोळे हे एवढे झाले. “तायडे,” तो माझ्या कानात म्हणाला, “आई येणारे!” मी म्हटलं, “आक्का, आई येणारे का गं?” ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, “धूर झालाय, जरा गप बसा.” पण मला उत्तराची गरजच नव्हती. तिनंच शब्द दिला होता ना, आई आली की करीन म्हणून? आणि ती करत होती. आम्ही दोघं उठलो आणि घोंगडीभोवती नाचायला लागलो. आई येणार, आई येणार, आई येणार! पत्रा तापून कडाडत होता, आणि आम्ही नाचत होतो. आबांनी आम्हाला थांबवलं नाही. आक्कानंही नाही. त्या दोघांपैकी एकानं जरी एक शब्द टाकला असता, तर मी पुढची वीस वर्षं त्यांच्यावर धुमसत राहिले नसते.

शेवया आम्ही तिथंच बसून खाल्ल्या, वाटीतून, गूळ जास्त पडलेल्या. मी विचारलं, “तुम्ही नाही खात?” आक्का म्हणाली, “आमचा उपास हाय.” “आज कसला उपास?” “हाय कसला तरी. तू खा.” पिंटूनं वाटी चाटून पुन्हा पुढं केली, तिनं पुन्हा वाढलं. मग त्याच्या डोक्यात आलं की आई यायच्या आत चित्र पुरं झालं पाहिजे, तिला दाखवायला. “आबा, लवकर लवकर!” आबाही तुकडे उचलायला लागले. पण त्यांचं काही जमेना. कान चाचपायचे नाहीत, खोबण बघायचे नाहीत. दिसेल तिथं तुकडा ठेवून अंगठ्यानं दाबायचे. मी म्हटलं, “आबा, तो नाही बसत तिथं.”

“बसंल.”

“अहो, बळं नाही दाबायचा. तुम्हीच सांगितलंय.”

“बसंल म्हनलं ना,” ते म्हणाले आणि दाबत राहिले. पुठ्ठ्याचा कान दुमडला. त्यांची मान वळली की मी तो काढून बरोबर जागी लावायचे. मला त्यांचा राग आला. म्हटलं, म्हाताऱ्याला आज काय झालंय?

ऊन कलल्यावर आक्कानं आम्हाला आंघोळ घातली. पिंटूला इस्त्रीचा शर्ट घातला. माझ्या वेण्या घट्ट घातल्या, इतक्या घट्ट की कपाळ ओढलं. रस्त्यावर माणसं जमायला लागली होती. मी दारातून बघितलं तर सगळी ओळखीचीच. वाटलं, आई बरी होऊन येतेय म्हणून भेटायला आलीत. कुणी आमच्याकडं नीट बघत नव्हतं. तळ्यातले अगदी मूठभर तुकडे राहिले असताना बाहेर हॉर्न वाजला. पिंटू तसाच उठला आणि सुटला. पांढऱ्या गाडीकडं पळत, हात वर करून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडत, “आई आली! आई आली!” माणसं बाजूला झाली, त्याला वाट दिली. त्या एवढ्या गर्दीत त्याला कुणी अडवलं नाही.

मी दारातच थांबले होते. मी मोठी होते. गाडीतून आधी अण्णा उतरले, आणि त्यांच्या तोंडाकडं बघितल्यावर मला पुढचं काही बघावं लागलं नाही.

आत दोघा बाप्यांनी घोंगडीची चार टोकं धरून ती चित्रासकट उचलली. खोली मोकळी करायला हवी होती. डोंगर, घर, तळं सगळं एका खोळीत गोळा झालं आणि कुणीतरी ते मागं नेऊन टाकलं. ते तुकडे आम्ही पुन्हा कधी मांडले नाहीत, आणि नवं चित्रही कुणी आणलं नाही.

तोंडात गूळ होता. मला सगळ्यांत जास्त राग त्याचा आला. आई अंगणात, आणि माझ्या तोंडात गूळ. आक्कानं आम्हाला फसवलं, असं मी मनाशी पक्कं केलं. पुढं आम्ही इंदापूरला न जाता तिच्याकडंच वाढलो, तिनंच आमचं सगळं केलं, पण सणावाराला तिनं शेवया वाढल्या की मी ताट बाजूला सारायचे. ती वाटी उचलून पिंटूला द्यायची. तो आपला खायचा, आवडीनं. मला त्याचाही राग यायचा. राग राग तरी किती करावा माणसानं!

आबा त्यानंतर काही वर्षांनी गेले. आक्का बरीच टिकली. मी लेकीच्या वेळी बाळंतपणाला तिच्याकडं होते, तेव्हा एकदा तिच्याशी भांडून झाल्यावर, म्हणजे मीच भांडून झाल्यावर, विचारलं. “त्या दिवशी तुला सगळं माहीत होतं. तरी तू गोड करून घातलंस आम्हाला. का?”

तिनं लसूण सोलायचा थांबवला नाही. “मयताच्या घरात चूल पेटवू न्हाय, मला काय ठावं न्हवतं व्हय?” म्हणाली. “पर मयत अजून यायचं व्हतं. आल्यावर तुमाला कोन पुसनार व्हतं? लोकं रडत्यात, पडत्यात, पोरांची कुनाला सुद न्हाय. पोरं भिताडाला टेकून उपाशी झोपत्यात. माजी आई गेली तवा म्या तशीच झोपले व्हते. ल्हान व्हते, पर ध्यानात हाय. पोटात कायबी न्हवतं.” मग पुढची पाकळी घेत म्हणाली, “तुजा आबा म्हनला, गाडी येईस्तवर पोरान्ला काय सांगू नगंस. म्या म्हनलं, बरं. आमाला काय कळतंय दुसरं?”

मला वाटलं होतं, मी विचारलं की ती रडेल. रडले मी. तिनं सोललेला लसूण वाटीत टाकला आणि माझ्या बाळाचं दुपटं बदलायला उठली.

आक्का गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. राग गेला असं मी म्हणायचे, पण कुरडया दिसल्या की डोकं उठायचंच. गेला असता तर उठलं असतं का? परवा भांडी विसळून झाल्यावर मी हॉलमध्ये आले. लेकीनं कडेचे तुकडे लावले होते, चौकोन उभा राहिला होता. मी बाजूला बसले. गुडघा खरंच दुखत होता. तेवढ्यात पिंटूचा फोन आला, चाकणहून. तो तिथं एका कंपनीत आहे. लेकीनं फोनवर त्याला सांगितलं, “मामा, आई माझ्याबरोबर पझल करतेय!” तो हसला आणि म्हणाला, तायडेला दे फोन.

“आपलं ते तळ्याचं चित्र आठवतंय का गं तुला?” तो म्हणाला.

मी म्हटलं, आठवतंय.

“मला आईचा चेहरा आठवत नाही बघ. फोटोतला आठवतो, पण तो काय खरा नाही. गाडी आली, लोक जमले म्हणतेस, तेही काही आठवत नाही. मला एवढंच आठवतं की आई येणार होती. आक्का शेवया करत होती, आबा होते, आणि आपण नाचत होतो. घोंगडीच्या कडेकडेनं.” पाठीमागं कंपनीतल्या मशिनींचा आवाज येत होता. “माझ्याकडं आईचं म्हणून तेवढंच आहे. किती खूश होतो गं आपण त्या दुपारी. होतो ना, तायडे?”

लेक माझ्याकडं बघत होती. हातात तुकडा होता, तो मी खाली ठेवला.

“होतो रे,” मी म्हटलं. “लई खूश होतो.”